गणवीर काका आणि चुकलेले पास

चेंडू जमिनीवर पडायच्या आधीच गणवीर काका "ठिपका" म्हणायचे.

मोठ्यानं नाही. टीव्हीवरचा तो पोरगा हात मागे घ्यायचा, चेंडू अजून त्याच्या बोटांत असायचा, आणि आम्ही सोफ्यावर बसलेले असताना मागून, जेवणाच्या टेबलाकडून, हलका आवाज यायचा, "ठिपका." मग चेंडू सुटायचा, गोल गोल फिरत छान जायचा आणि झेलणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे पडायचा. काकांनी ठिपका म्हटलं आणि तो चेंडू कुणी झेलला, असं मी तरी पाहिलं नाही. एकदा आमचा मित्र जगताप मुद्दाम मागे वळून काकांच्या तोंडाकडे बघत बसला. त्याला वाटलं, काका चेंडू पडल्यावर बोलतात आणि आपल्याला आधी ऐकू येतं. दहा मिनिटांनी तो पुन्हा पुढे तोंड करून बसला, आणि त्या दिवशी त्यानं दुसरी प्लेट चिवडा घेतला नाही.

ही ऐंशीच्या दशकातली, टेक्सासमधल्या प्लेनोची गोष्ट. फुटबॉल म्हटल्यावर ज्यांना पायानं खेळायचा खेळ आठवतो त्यांच्यासाठी सांगतो की अमेरिकेतला फुटबॉल मुख्यतः हातानं खेळतात. चेंडू नारळाच्या आकाराचा. एकजण तो लांब फेकतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. दुसरा पळत जाऊन झेलतो, तो रिसीव्हर. बाकीचे वीसजण एकमेकांच्या अंगावर पडतात. मलाही पहिली दोन वर्षं एवढंच कळत होतं. ऑगस्टमध्ये खऱ्या सीझनच्या आधी चार सराव सामने होतात, त्याला प्रीसीझन म्हणतात. त्यात नवीन पोरं खेळवून बघतात, आणि चार सामने संपले की नको असलेली काढून टाकतात. नोकरीवर घेताना सहा महिने प्रोबेशन असतं, तसं. फक्त इथे सगळं गाव बघत असतं.

गणवीर काका मूळचे नागपूरचे, पॉलिटेक्निकचे डिप्लोमाधारक. आमच्या भागात जे चिप बनवण्याचे कारखाने होते, त्यांतल्या एकात ते तपासनीस होते. मी त्याच कारखान्यात इंजिनिअर. भंडाऱ्याजवळच्या खेड्यातून मी आलो, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ही गोष्ट मी कुणी विचारायच्या आत सांगतो. काकांनाही पहिल्याच भेटीत सांगितली. ते म्हणाले, "बरं झालं बाबू. आता काचेतून पाहायला शिक."

त्यांचं काम असं होतं. सिलिकॉनची एक गोल चकती असते, तिच्यावर शेकडो बारीक चिपा छापलेल्या असतात. एकेक चिप तपासायची, आणि जी खराब निघेल तिच्यावर काळ्या शाईचा ठिपका टाकायचा. ठिपका पडला की ती चिप गेली. शाई परत निघत नाही. काकांनी हे काम पंधरा वर्षं केलं होतं आणि ते त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरीही खिशात काळं पेन असायचं. दुकानात द्राक्षं घेताना सडक्या द्राक्षावर ठिपका. बटण तुटलेल्या शर्टाच्या कॉलरवर आतून ठिपका. बुद्धजयंतीला हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, तेव्हा कार्यक्रम संपेपर्यंत एका डुगडुगत्या खुर्चीच्या पायावर ठिपका आलेला होता, आणि त्या खुर्चीवरून एक पाहुणे पडलेले होते.

आम्ही हसायचो, पण थोडं जपून. कारण माझ्या गाडीच्या मागच्या टायरवर एकदा मला काळा ठिपका दिसला. मी तो ओल्या फडक्यानं पुसला. पुसला गेला नाही. दुसऱ्या दिवशी हायवेवर तोच टायर फुटला. मी काकांना विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?" ते म्हणाले, "मले काय कळते बे. दिसलं तसं लावलं." जगतापला तर आरशात आपल्या मानेवर काळा ठिपका दिसला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची बारा वर्षांची मुलगी मिनी म्हणाली, "बाबा, इट्स अ मोल. यू ऑलवेज हॅड इट." जुना तीळच होता तो.

काकांचं घर विटांचं, बैठं, मोठं. त्या घरात दोघंच राहायचे, काका आणि काकू. काकू हॉस्पिटलात नर्स होत्या आणि शनिवार-रविवारी त्यांची ड्यूटी असायची, म्हणून सामने काकांकडे. फुटबॉलचं वेड आम्हालाच, काकांना नव्हे. आम्ही त्यांच्याकडे जायचो कारण त्यांच्याकडे मोठा टीव्ही होता आणि व्हीसीआर होता. घराला एक खोड होती. गॅरेजचं दार मधेच आपोआप वर जायचं. घर हादरायचं, मिनी दचकायची. शेजाऱ्याच्या रिमोटची आणि काकांच्या रिमोटची फ्रिक्वेन्सी एकच होती, एवढंच. पण दार उघडलं की काका न वळता "येऊ दे" म्हणायचे, आणि मग आत कुणी आलं नाही तरी आम्हाला थोडा वेळ बरं वाटायचं नाही.

तर त्या ऑगस्टमध्ये आमच्या भागाच्या टीमनं एक नवीन क्वार्टरबॅक आणला. बावीस वर्षांचा, ओक्लाहोमाच्या कुठल्याशा लहान गावचा, कान मोठे, मान बारीक. पहिल्या सामन्यात शेवटच्या पाव भागात त्याला उतरवला आणि त्यानं एकामागून एक पास चुकवले. तेव्हापासून आमच्यात भांडण लागलं.

जगताप सातारचा. तिकडे तालुक्याकडून क्रिकेट खेळलेला. त्याचं म्हणणं, पोराचं मनगट ढिलं आहे. "आवं, थ्रो मनगटात असतोय. ह्याचं मनगट म्हणजे शिजलेला दोडका. काढून टाकतील बघा." माझं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणायचो, फेक उत्तम आहे, रिसीव्हर हळू पळतात. मिनी म्हणायची, तुम्हाला दोघांनाही रूल्स माहीत नाहीत. तिच्या शाळेत फुटबॉल म्हणजे धर्म होता, आणि तिनं आम्हाला रिसीव्हर ठरलेल्या वाटेनं पळतो, क्वार्टरबॅकला ती वाट आधीच पाठ असते, हे एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. मग जगताप म्हणाला, वाट पाठ असून चुकतो म्हणजे मनगटच.

काका या भांडणात पडले नाहीत. आम्ही व्हीसीआरवर उतरवलेली सामन्याची टेप त्यांनी मागितली.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तर जेवणाच्या टेबलावर ग्राफ पेपर पसरलेला. मध्यभागी एक फुली. फुली म्हणजे झेलणारा माणूस, आणि तिच्याभोवती जिथे जिथे चेंडू गेला तिथे ठिपका. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेघ आखलेली असते, त्यामुळे काकांना अंतर काढायला काही अडचण आली नव्हती. व्हीसीआर थांबवून थांबवून त्यांनी एकेक पास मोजला होता. दुसरा सामना झाला, त्यातलेही ठिपके त्याच कागदावर पडले.

"पाय बरं इकडं," काका मला कागद दाखवत म्हणाले.

मी पाहिलं. माझी अपेक्षा होती ठिपके चहूकडे उडालेले असतील. एक पुढे, एक मागे, एक खाली. तसं नव्हतं. फुलीपासून दोन ढांगा पुढे सगळे ठिपके एका जागी दाटून बसले होते. जणू कुणी पेन एकाच जागी टेकवत बसलं होतं.

कारखान्यात काकांचा एक नियम होता, आणि तो ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे. चकतीवर ठिपके विखुरलेले आले तर धूळ. धुळीला कुणी काही करू शकत नाही. पण ठिपके एका जागी आले तर धूळ नाही, तिथे कुणाचा तरी हात लागून राहिला आहे. मग मशीन थांबवायचं आणि तो हात शोधायचा.

"विखुरले नाही, बन्सोड," काका कागदावर बोट ठेवून मला म्हणाले. "पोरगा चुकून नाही राहिला. बरोबर टाकून राहिला. तिथं कुणीतरी आहे."

जगताप हसला. "कोण हाय तिथं? मी बघितलं की टीव्हीवर. गवत हाय."

"टीव्हीवर नाही दिसत," काका म्हणाले, "पण पोराले दिसते. उंच आहे. आपल्या रिसीव्हरच्या हातावरून वीतभर वर जातो चेंडू, म्हणजे सहा फूट चार तरी असंल. अन् पळते जोरात. आपला माणूस इथं पोचतो तेव्हा तो तिथं असते."

त्याच वेळी गॅरेजचं दार वर गेलं. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी नळी घेऊन करपलेल्या गवतावर पाणी मारत होता, त्याच्या खिशात रिमोट असणार हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या हातावर काटा आला. मिनी सोफ्यावर बापाला चिकटून बसली आणि म्हणाली, "कॅन वी गो होम?"

काकांना मात्र भीतीबिती काही नव्हती. त्यांना घाई लागली होती. दोन सामने उरले होते, आणि ते संपले की पोराला काढणार होते. पेपरात तसं छापूनच आलं होतं. काकांच्या मते हा सरळ सरळ चांगल्या मालावर ठिपका टाकण्याचा प्रकार होता. पंधरा वर्षांत त्यांनी स्वतः असं कधी होऊ दिलं नव्हतं, आणि दुसऱ्यानं केलेलं त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी ठरवलं की कोचला पत्र लिहायचं. लिहिणार मी. "तू ग्रॅज्युएट आहेस. तुझं इंग्रजी चालते."

त्या पत्रावर आम्ही एक पूर्ण रविवार घालवला. काकांना पहिलंच वाक्य हवं होतं, 'सर, तुमचा मुलगा चुकत नाही, तिथे कुणीतरी आहे.' मी म्हटलं, काका, हे असं लिहिलं तर पत्र कचऱ्यात जाईल. इंग्रजी ऑफिसला हिशेबाची भाषा कळते. मी लिहिलं की आपल्या खेळाडूच्या फेकीत चूक नसून एक कायमचा फरक आहे, दोन ढांगा पुढे आणि एक वीत वर, आणि एवढा फरक वजा केला की फेक अचूक ठरते, सोबत आलेख जोडला आहे. चार ओळींचं, स्वच्छ, टाइप केलेलं पत्र. मला त्याचा फार अभिमान वाटला. आमच्या गावात अर्ज लिहून घ्यायला माझा बाप मास्तरांच्या ओट्यावर दिवसभर बसायचा, आणि मी टेक्सासात एका फुटबॉल टीमच्या कोचला सल्ला देत होतो.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. "सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तो कुठं आहे यात?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी फेकते तो."

मी म्हटलं, तो नाहीच आहे ना काका. तोच तर फरक आहे. काकांनी पाकिटाला जीभ लावली.

आठवड्यानं उत्तर आलं. एक छापील कार्ड, त्यावर सगळ्या टीमचा फोटो, मागे 'तुमच्या पाठिंब्याबद्दल आभार', आणि गाडीवर लावायचा एक स्टिकर. काकांनी भिंग लावून कार्ड पाहिलं. छपाईत लाल रंग थोडा सरकला होता. त्यांनी कोपऱ्यात ठिपका टाकला आणि कार्ड टीव्हीवर ठेवलं.

तिसऱ्या सामन्यात पोरगा पुन्हा तसाच. "ठिपका," काका म्हणायचे, आणि त्यांचा आवाज आता थकलेला यायचा. स्टेडियममध्ये लोक ओरडत होते. एकदा कॅमेऱ्यानं त्याचा चेहरा जवळून दाखवला. पास चुकल्यावर माणूस चिडतो, मान हलवतो, झेलणाऱ्याकडे हात करतो. हा तसलं काही करत नव्हता. चेंडू पडला त्या जागेकडे शांतपणे बघत होता, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा. जगतापनं मनगटाविषयी काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यातच सोडून दिलं.

त्या आठवड्यातच पेपरात त्या पोराविषयी लेख आला. मी कॅन्टीनमध्ये वाचला. गाव, आई-वडील, शाळा वगैरे. मधे एक परिच्छेद होता. त्याचा मोठा भाऊ शाळेच्या टीममध्ये रिसीव्हर होता. दोघं भाऊ लहानपणापासून घरामागच्या शेतात पास खेळायचे, रोज, थंडीतसुद्धा. भाऊ मागच्या हिवाळ्यात गाडीच्या अपघातात गेला. शेजारी फोटो होता. धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला, त्याच्याहून वीतभर उंच मुलगा. खाली लिहिलं होतं, सहा फूट चार इंच.

जेवण टाकून मी काकांच्या विभागात गेलो. ते मायक्रोस्कोपवर वाकले होते. मी पेपर पुढे केला. त्यांनी फोटो पाहिला, उंची वाचली, आणि मला वाटलं होतं तसं काही बोलले नाहीत. अभिमान नाही, आश्चर्य नाही. फक्त विचारलं, "आई आहे का त्याले?"

आहे, मी म्हटलं. काकांनी मान हलवली आणि परत काचेला डोळा लावला.

शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. मिनीला तिच्या आईनं पाठवलं नाही. जगताप आला, पण काकांच्या टेबलाकडे पाठ येणार नाही अशा खुर्चीत बसला. नवा कोरा ग्राफ पेपर, मध्ये फुली, काकांच्या हातात उघडं पेन. दुसऱ्या भागात पोरगा उतरला.

पहिला पास झेलला गेला. दुसरा झेलला गेला. तिसरा लांबचा होता, आणि रिसीव्हरच्या छातीवर असा येऊन बसला की त्याला हात उचलावे लागले नाहीत. जगताप उठून नाचायला लागला, मनगट सुधारलं म्हणून. मीही ओरडत होतो. समालोचक म्हणाला की या आठवड्यात कोचनी मुलासोबत काही छोट्या दुरुस्त्या केल्या, थोडं आखूड, थोडं खाली, आणि आता याची जागा पक्की समजा. मी वळून काकांकडे पाहिलं. मला वाटलं, ते आता तरी हसतील. दोन ढांगा आणि एक वीत. आमच्याच पत्रातला हिशेब होता तो, निदान मला त्या क्षणी तसंच वाटलं.

काका कोऱ्या कागदाकडे बघत होते. पेनचं टोपण त्यांनी लावलं होतं.

सामना जिंकून संपला. जगताप बायकोला फोन करून आनंदात घरी गेला. मी टीव्ही बंद केला. घरात एसीची घरघर सोडून दुसरा आवाज नव्हता.

"काका, राहिला पोरगा टीममध्ये."

"राहिला," ते म्हणाले. "चांगलं झालं. तेच पाहिजे होतं नं आपल्याले." मग पेन खिशात ठेवत म्हणाले, "आपणच काढला त्याच्या भावाले तिथून."

मी म्हटलं, तसं नाही, कोचनं आपलं पत्र बघितलंही नसेल, छापील कार्ड आलं आपल्याला. ते ऐकत नव्हते.

"मैदानात नाही ठेवला आता. मग ठेवला कुठं असंल, बन्सोड? कुठंतरी ठेवावं लागते. असं सोडून देता येत नाही."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि इथल्या पाच वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. काका उठले. "ये," म्हणाले.

घरातल्या अरुंद बोळात कोट ठेवायचं कपाट होतं. टेक्सासात कोट लागतो किती, तर महिनाभर, त्यामुळे ते दार मी कधी उघडं पाहिलं नव्हतं. काकांनी उघडलं, कोट एका बाजूला सारले आणि आतला दिवा लावला. दाराच्या आतल्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. खालून वर, आडव्या, प्रत्येकीच्या शेजारी बारीक अक्षरात वर्ष आणि तारीख. तारीख दर वेळी एकच, सप्टेंबरची.

"राहुल," काका म्हणाले. "तीन वर्षांचा होता इथं आलो तेव्हा. सात पूर्ण झाले अन् गेला. मेंदूत ताप."

मी पाच वर्षं त्या घरी जात होतो. आम्ही सगळे समजायचो, यांना मूल नाही.

रेघा सातावर थांबलेल्या नव्हत्या. आठ, नऊ, दहा, त्या वर चढत गेल्या होत्या, माझ्या कमरेवरून छातीपर्यंत, छातीवरून कपाळाच्या वरपर्यंत. सगळ्या एकाच हातच्या, एकाच पेन्सिलीच्या. मुलगा कुठल्या रेघेपर्यंत होता आणि कुठल्या रेघेपासून नव्हता, हे रेघा बघून सांगता येत नव्हतं. बाहेर उन्हाचे शंभर डिग्री फॅरनहाइट होते आणि मला त्या कपाटापाशी थंडी वाजली.

काकांनी समजावलं, कामातली गोष्ट समजवावी तसं. डॉक्टरांकडे मुलांच्या उंचीचा तक्ता असतो. मूल ज्या वळणावर चालत असतं, सहसा त्याच वळणावर वाढतं. राहुलचं वळण त्यांना माहीत होतं. तेच त्यांनी पुढे नेलं. दर वाढदिवसाला काकू ड्यूटीवर गेल्या की तक्त्यावरून आकडा काढायचा आणि रेघ मारायची. अंदाजपंचे काही नाही.

"यंदा अठरा," ते म्हणाले. "तो तक्ता अठरापर्यंतच आहे. पुढं कागद नाही." त्यांनी वरची मोकळी चौकट बोटानं चाचपली. "पोट्टा माझ्याहून उंच झाला. तुझ्याएवढा. उभा राय बरं तिथं."

मी चौकटीला पाठ लावून उभा राहिलो. काका दोन पावलं मागे गेले आणि माझ्याकडे बघत राहिले. पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश. मायक्रोस्कोपखाली ते ज्या नजरेनं बघायचे ती नजर नव्हती ती. मला हलायची भीती वाटत होती.

"हं," ते म्हणाले. "झालं. ये बाहेर."

बाहेर येताना माझं बोट एका रेघेवर लागलं आणि गुळगुळीत वाटलं. मी वाकून पाहिलं. प्रत्येक रेघेवर पातळ, आरपार दिसणारी टेप चिकटवलेली होती, पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून. कडा इतक्या नीट कापलेल्या की दिवा नसता तर दिसल्याही नसत्या. मी म्हटलं, काका, हे बरं केलं तुम्ही.

"मी नाही लावली ते," काका म्हणाले.

मला वाटलं, माझे कान वाजतायत.

"आठ वर्षांच्या रेघेपासून येते. मी रेघ मारतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहतो तर टेप. खालच्या जुन्या रेघांलेही तेव्हाच लागली." त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, दिवा विझवला, कोट जागेवर सरकवले आणि दार लावलं. मला घरी जाताना गाडी नीट चालवता आली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. काकू त्या दिवशी लवकर सुटल्या होत्या. त्या हॉस्पिटलातून नुकत्याच आल्या होत्या, अंगावर अजून पांढरा गणवेश, आणि त्या ओट्यापाशी वांगी चिरत होत्या. काका गॅरेजात. मी हात धुवायला जातो म्हणून बोळात गेलो आणि कपाटाचं दार उघडलं. अठराची रेघ होती. तिच्यावर टेप होती, नवी, चकचकीत. या वेळी मी दिव्याखाली नीट पाहिली. बारीक छिद्रांची, कागदासारखी पातळ. सलाइनची सुई हातावर धरून ठेवायला लावतात ती. भाऊसाहेब नावाच्या आमच्या एका मित्राच्या ऑपरेशनच्या वेळी मी ती चांगली पाहिली होती. हॉस्पिटलाबाहेर ती मी कुठे पाहिली नव्हती.

स्वयंपाकघरात परत आलो तेव्हा काकू पाठमोऱ्या होत्या. "पाणी पाहिजे का रे?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

गॅरेजात काका स्क्रू निवडत बसले होते, चांगले एका डब्यात, वाकडे दुसऱ्यात. ज्या माणसाला चकतीवरचा केसाच्या शतांशाएवढा ओरखडा दिसतो, त्याला ही टेप कसली आहे ते दिसलं नसेल, हे मला पटेना. मी सरळ बोलणारा माणूस आहे. मी म्हटलं, "काका, तुम्हाला ठाऊक आहे ना, ती टेप कोण लावतं?"

काकांनी एक स्क्रू उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला, आणि चांगल्यांच्या डब्यात टाकला.

"हळू बोल," ते म्हणाले. "तिले वाटते मले माहीत नाही. विचारलं तर लावणं बंद करंल."